एरियल: किनाऱ्यावरील घरांच्या रेडिओसाठीं



रेडिओ नीट ऐकूं येत नाहीं अशी तक्रार करणारे लोक मला नेहमीं भेटतात. परंतु आपलें एरियल नीट आहे कीं नाहीं, असा प्रश्न स्वतःस विचारणारा मनुष्य क्वचितच भेटतो. आवाज खरखरला कीं दोष केंद्राचा. आवाज क्षीण झाला कीं दोष संचाचा. आणि दोन्ही निर्दोष ठरले कीं मग दोष आपल्या नशिबाचा! विहिरीला पाणी आहे, पोहराही धड आहे, पण दोर आंखूड. तरी आपण बोल लावावा तो विहिरीला, तशांतलाच हा प्रकार आहे. आजच्या भाषणांत मला या दोराविषयीं, म्हणजे एरियलविषयीं, चार शब्द सांगावयाचे आहेत. आणि तेही पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या आपल्या मुलखांतील घरें डोळ्यांपुढें ठेवून सांगावयाचे आहेत.

आतां कोणी असें विचारील कीं, प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल फोन असतांना ही एरियलची उठाठेव हवी कशाला? केवळ गाणीं ऐकण्यापुरता विचार केला तर नको, असें मीही म्हणेन. परंतु २६ जुलै २००५ हा दिवस आठवा. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईंत व उपनगरांत ठिकठिकाणीं फोन मुके झाले. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आलें, आणि समुद्रांत गेलेल्या कित्येक मच्छीमारांनीं प्राण गमावले. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेलें. झाडें पडलीं, विजेच्या तारा तुटल्या. वीज गेली म्हणजे कांहीं तासांनीं मोबाइलचा मनोराही तिच्या मागोमाग जातो, कारण त्याचा प्राणही विजेंत आणि बॅटऱ्यांतच असतो. आणि नाव किनाऱ्यापासून बरीच दूर गेली म्हणजे तर मनोरा शाबूत असूनही फोनचा उपयोग नाहीं. अशा वेळीं दोन सेलांवर चालणारा लहानसा रेडिओ उपयोगीं पडतो. ज्या किनाऱ्यावर सातपाटी, मुरबें, नवापूर, दांडी अशीं मच्छीमारांचीं गांवें आहेत, जेथें १९६९ सालापासून अणुवीजकेंद्र उभें आहे, आणि ज्याच्या उत्तरेस डहाणू-तलासरीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले, तेथें घरांत एक चालता रेडिओ असणें ही चैन नव्हे. चालता रेडिओ म्हणजे काय? ज्यांतून शब्द कळतात तो. नुसती खरखर करणारा रेडिओ संकटाच्या वेळीं असून नसल्यासारखा.

थोडा मागला इतिहास पाहूं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. त्या केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती, आणि सुमारें तीस मैलांच्या आंतच तें भरंवशानें ऐकूं येई. पालघर त्या तीस मैलांच्या बाहेर. म्हणजे त्या काळीं इकडच्या एखाद्या हौशी गृहस्थानें संच विकत घेतला, तर उंच एरियलावांचून त्याला गत्यंतरच नव्हतें. पुढें कंपनी बुडाली, १९३० सालीं सरकारनें कारभार हातीं घेतला, ८ जून १९३६ रोजीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव पडलें, आणि १९३८ सालीं मुंबईस दहा किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक बसला. तरीही घराच्या कौलांवर दोन बांबू आणि त्यांच्यामध्यें ताणलेली तांब्याची तार, ही रेडिओवाल्या घराची खूणच होती. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघरांत पांच तरुण हुतात्मे झाले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आंत, २७ ऑगस्टला, उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. तो ४२.३४ मीटरांच्या लघुलहरीवर बोलत असे. जागा बदलीत चालणारें, अल्प शक्तीचें तें केंद्र ऐकावयाचें तर ऐकणाराच्या बाजूची तयारी चांगली असावी लागे. आणि ती तयारी म्हणजे मुख्यतः एरियलच.

त्या काळच्या संचाच्या पाठीमागें दोन भोकें असत: एक एरियलचें, दुसरें अर्थचें, म्हणजे भूतारेचें. पुढें ट्रान्झिस्टर आला. एरियल संचाच्या पोटांत गेलें, आणि लोकांची समजूत झाली कीं तें नाहींसेंच झालें! आजच्या बहुतेक तक्रारींचें मूळ या गैरसमजुतींत आहे.

एरियल करतें काय? केंद्राच्या मनोऱ्यांत विजेचा प्रवाह दर सेकंदास लाखों वेळां हेलकावे खात असतो. त्या हेलकाव्यांच्या लहरी चोहोंकडे पसरतात, आणि वाटेंत एखादी तार लागली कीं तिच्यांतही अगदीं तसेच, पण अत्यंत सूक्ष्म, हेलकावे उठवितात. ही शक्ति व्होल्टाच्या हजाराव्या, कधीं लाखाव्या भागांत मोजावी लागते. एवढ्याशा शक्तीवर संचाला आपलें काम करावयाचें असतें. म्हणून ती जितकी अधिक आणि जितकी स्वच्छ मिळेल, तितकें बरें. लहरीची लांबी काढण्याचा हिशेब सोपा आहे. लहरीचा वेग सेकंदास तीन लक्ष किलोमीटर. त्यास कंपनसंख्येनें भागावें. मुंबईची अस्मिता वाहिनी मध्यमलहरींवर ज्या ५५८ किलोहर्ट्झवर ओळखली जाते, त्या लहरीची लांबी सुमारें ५३८ मीटर येते. उलट मुंबईच्याच एफ्. एम्. गोल्डची १००.७ मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरांसही पुरी होत नाहीं. एक अर्ध्या किलोमीटरची, दुसरी पलंगाएवढी! हत्तीची साखळी मांजराला चालत नाहीं; तद्वत् या दोन लहरींना एकच एरियल सारखेंच मानवत नाहीं. म्हणून दोहोंचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

प्रथम मध्यमलहरी. या बाबतींत निसर्गानें आपल्यावर मोठा उपकार केला आहे. आकाशवाणीचें मध्यमलहरींचें प्रक्षेपणस्थान मालाडला. तेथून सरळ रेषेंत पालघर सुमारें ५७ किलोमीटर, बोईसर सुमारें ६८ व तारापूर सुमारें ७५. शिवाय ही रेषा किनाऱ्याच्या कडेकडेनें येते. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. कोरड्या खडकाळ भूमींत त्यांची शक्ति लवकर शोषली जाते, पण समुद्राचें खारें पाणी विजेचें उत्तम वाहक असल्यामुळें त्यावरून त्या फारशा न थकतां येतात. म्हणून किनाऱ्यावर आणि होडींत मध्यमलहरी जशा ऐकूं येतात, तशा तितक्याच अंतरावरील डोंगराळ भागांत येत नाहींत. तथापि एक गोष्ट आधीं पाहून घ्यावी: आकाशवाणीचे अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक अलीकडच्या वर्षांत बंद झाले आहेत, आणि लहरींत फेरबदलही होतात. जी लहर चालूच नाहीं तिच्यासाठीं एरियल उभारणें म्हणजे ओसाड घराच्या दारावर थाप मारणें होय. शेजारच्या संचावर, किंवा मुंबईस राहणाऱ्या नातलगास विचारून, आधीं खात्री करावी.

आतां ट्रान्झिस्टरच्या पोटांत पाहूं. आंत पेन्सिलीसारखा एक काळा दांडा असतो व त्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. हा फेराइटचा दांडा म्हणजेच मध्यमलहरींचें एरियल. वर ओढून काढावयाची चकचकीत नळी एफ्. एम्. व लघुलहरींसाठीं असते. मध्यमलहर ऐकतांना ती कितीही उंच केली तरी कांहीं उपयोग होत नाहीं. दांड्याची गंमत अशी कीं, त्याची बाजू केंद्राकडे असली म्हणजे आवाज मोठा, आणि टोंक केंद्राकडे झालें म्हणजे क्षीण. हा दांडा बहुधा संचाच्या लांबीच्या दिशेनें बसविलेला असतो. मुंबई आपल्या जवळजवळ बरोबर दक्षिणेस. म्हणून पालघर, बोईसर किंवा तारापुरास संच असा ठेवावा कीं त्याची लांबी पूर्व-पश्चिम येईल. म्हणजे त्याचें तोंड दक्षिणेस किंवा उत्तरेस राहील. यास एक पैसाही लागत नाहीं, आणि निम्म्या तक्रारी येथेंच मिटतात.

दुसरें, जागा. सिमेंटच्या घरांत भिंतींतून व स्लॅबमधून लोखंडाच्या सळ्यांची जाळी गेलेली असते. मध्यमलहरींच्या दृष्टीनें तो एक पिंजराच होय. अशा घरांत रेडिओ खिडकीशीं ठेवावा. लोखंडी कपाट, फ्रीज, टेलिव्हिजन, इन्व्हर्टर यांपासून दूर ठेवावा. कौलारू किंवा कुडाच्या घरांत ही अडचण कमी. गरिबाच्या झोंपडींत रेडिओ कधीं कधीं बंगल्याहून चांगला वाजतो, त्याचें कारण हें आहे.

एवढ्यानें भागलें नाहीं तर चौकटीचें एरियल करावें. साठ सेंटिमीटर बाजूची लांकडी चौकट घ्यावी. तिच्या कडेवरून प्लास्टिकच्या वेष्टणाच्या बारीक तारेचे तेरा वेढे द्यावेत. दोन वेढ्यांमध्यें अर्धा सेंटिमीटर अंतर राखावें. तारेचीं दोन टोंकें जुन्या, मोडक्या रेडिओंतून काढलेल्या गँग कंडेन्सरला जोडावींत. बस्स, झालें एरियल! हें रेडिओला जोडावयाचें नाहीं. नुसतें त्याच्याजवळ उभें करावयाचें. चौकटीची कड मुंबईकडे, म्हणजे वेढ्यांची पातळी दक्षिणोत्तर ठेवावी, रेडिओ आडवा तिच्या पोटाशीं ठेवावा, आणि गँग हळूहळू फिरवावा. एका जागीं आवाज एकदम उसळून वर येतो. हवें तें केंद्र गँगच्या फेऱ्यांत येत नसेल तर एखादा वेढा कमीअधिक करावा.

शाळेंत असतांना हा प्रयोग मी मुलांना दाखवीत असें. एका मुलानें विचारलें, “सर, तार तर कुठंच जोडली नाही, मग आवाज वाढला कसा?” मी त्याला मैदानांतल्या झोंपाळ्याकडे बोट दाखविलें. झोंपाळ्याला त्याच्या गतीच्या तालांत नुसता बोटाचा धक्का देत गेलें तरी तो उंच जातो; ताल चुकला कीं बैलाचें बळही फुकट. चौकट आणि गँग मिळून विजेचा झोंपाळा होतो. गँग फिरविणें म्हणजे त्याचा ताल केंद्राच्या तालाशीं जुळविणें. तो जुळला कीं आसपासची शक्ति चौकटींत सांठते, आणि जवळच्या फेराइटच्या दांड्याला ती न स्पर्शितांच मिळते.

ज्यांच्याकडे जुने व्हॉल्व्हचे संच आहेत, किंवा ज्यांना लघुलहरींवर दूरदेशचीं केंद्रें ऐकावयाचीं आहेत, त्यांनीं बाहेर तार ताणावी. दहा ते पंधरा मीटर लांबी पुरे. ती जितकी उंच तितकी चांगली. दोन्ही टोंकांस चिनी मातीचे इन्सुलेटर घालावेत, आणि तार भिंतीस, पन्हळीस किंवा झाडाच्या पाल्यास कोठेंही लागूं देऊं नये. आपल्याकडे नारळ आणि सुरू हे आयते खांब आहेत. परंतु वाऱ्यांत झाड डोलतें व घर डोलत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. झाडाकडील टोंक कप्पीवरून सोडून त्यास दगडाचें वजन बांधलें म्हणजे झाड कितीही हललें तरी तार तुटत नाहीं. हल्लींच्या लहान ट्रान्झिस्टरला मात्र इतकी लांब तार जोडूं नये. शक्ति अति झाली कीं चार केंद्रें एकमेकांत मिसळतात. त्याच्या नळीला तीन-चार मीटरांची तार चिमट्यानें लावली कीं लघुलहरींचें काम होतें.

जुन्या संचाला भूतारही हवी. दीड-दोन मीटर लांबीची तांब्याची किंवा जस्त चढविलेल्या लोखंडाची नळी मोरीच्या पाण्याच्या वाटेवर ओल्या जमिनींत ठोकावी आणि तिला जाड तार जोडावी. केळवें-माहीमच्या वाड्यांतून जमीन ओलसर, त्यामुळें काम सोपें. जव्हार-मोखाड्याकडे मुरूम आणि कातळ. तेथें खड्डा मोठा घेऊन कोळसा व मीठ घालावें लागतें. स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीला भूतार जोडणें हा मात्र केव्हांही घातक अविचार होय. तसें कोणी सुचविलें तरी करूं नये.

आतां एफ्. एम्. या लहरी प्रकाशासारख्या बहुतांशीं सरळ जातात. पृथ्वी गोल आहे हें आपण भूगोलांत शिकलों, एफ्. एम्. ऐकणाऱ्याला तें रोज अनुभवास येतें. ढोबळ हिशेब असा: प्रक्षेपकाच्या उंचीच्या मीटरांचें वर्गमूळ काढावें, आपल्या एरियलच्या उंचीचेंही काढावें, दोन्हींची बेरीज करावी आणि तीस चारांनीं गुणावें; येतील तितके किलोमीटर लहर सरळ दृष्टीनें पोंचते. समजा, मुंबईंतील प्रक्षेपक समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर उंच आहे, आणि आपला रेडिओ जमिनीपासून एक मीटरावर, टेबलावर आहे. उत्तर येतें सुमारें ६० किलोमीटर. आतां तेंच एरियल नऊ मीटर उंच नळीवर चढवा. उत्तर येतें सुमारें ६८. या सीमेच्या पलीकडेही लहर थोडीबहुत वांकून येते, पण झपाट्यानें दुबळी होत. आपण नेमके या सीमेच्या कडेवर राहतों. म्हणूनच पालघरांत स्पष्ट असलेलें केंद्र तारापुरास धरसोड करतें, माडीवर ऐकूं येतें तें तळमजल्यावर येत नाहीं, आणि वाघोबाची खिंड ओलांडून मनोरकडे उतरलें कीं डोंगराच्या सावलींत तें पार बुडतें.

एफ्. एम्. साठीं उत्तम आणि स्वस्त एरियल म्हणजे दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या. प्रत्येकीची लांबी सुमारें बहात्तर ते त्र्याहत्तर सेंटिमीटर. त्या एका रेषेंत, मध्यें दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून, लांकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर बसवाव्यात. डिशची केबल कोठेंही मिळते. तिची मधली तार एका नळीला आणि बाहेरची जाळी दुसरीला जोडावी. नळ्या आडव्या, पूर्व-पश्चिम ठेवाव्यात, म्हणजे त्यांची बाजू मुंबईकडे येते. कांहीं केंद्रें त्या उभ्या केल्यानें अधिक चांगलीं येतात. दोन्ही करून पाहावें. आणखी जोर हवा असेल तर साठ सेंटिमीटर मागें, म्हणजे उत्तरेस, १५३ सेंटिमीटरांची एक अखंड नळी, आणि तितक्याच अंतरावर पुढें, दक्षिणेस, १३६ सेंटिमीटरांची दुसरी नळी बसवावी. मागची आरशाचें काम करते, पुढची भिंगाचें. या दोहोंस केबल जोडावयाची नसते.

हें चित्र आपल्याला नवें नाहीं. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें, आणि पुढें आपल्या भागांतही घरांवर असेच काड्यांचे सांगाडे उभे राहिले. सर्वांचीं तोंडें दक्षिणेस! एक जण छपरावर चढून नळी फिरवी, आणि आंतून सारें घर ओरडे, “आलं, आलं... गेलं!” तें सारें शास्त्रच होतें, त्यास कोणी शास्त्र म्हणत नसे इतकेंच.

ज्यांना एवढें करणें नको, त्यांनीं निदान संचाची नळी पुरी ओढावी. पाऊण मीटर लांबी ही एफ्. एम्. लहरीचा पाव भाग होय. ती उगीच ठेवलेली नसते. मोबाइलवर रेडिओ ऐकणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, ज्या फोनांत एफ्. एम्. ची सोय असते, त्यांत कानांत घालावयाची तार हेंच एरियल असतें. ती गुंडाळून खिशांत कोंबली तर ऐकूं येणार काय?

उन्हाळ्यांत, समुद्रावरील हवेचे थर स्तब्ध असतांना, कधीं कधीं शेंकडों किलोमीटर दूरचीं एफ्. एम्. केंद्रें आपल्या किनाऱ्यावर अवचित प्रकट होतात, आणि मुंबईचें केंद्र झांकून टाकतात. उष्ण व दमट थरांच्या मध्यें लहर नळांतल्या पाण्यासारखी वाहत येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं मुंबईच्या किनाऱ्यावरील रडारनें हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिसाद टिपले होते, ते याच कारणानें. त्यास आपला उपाय नाहीं. पावसाळा लागला कीं तें आपोआप थांबतें.

आतांपर्यंत आवाज वाढविण्याचें बोललों; परंतु आवाज वाढविण्यापेक्षां खरखर कमी करणें अधिक महत्त्वाचें आहे. बाजारांत कुजबुज ऐकावयाची तर कान मोठा करून भागत नाहीं. बाजार शांत असावा लागतो. आपला बाजार फार गजबजलेला आहे. बोईसरची औद्योगिक वसाहत, तेथील यंत्रें, अणुवीजकेंद्रापासून निघालेल्या उच्च दाबाच्या वाहिन्या, आणि गांवांच्या शेजारून जाणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग, ज्यावर पंचवीस हजार व्होल्टांची तार आहे. या सर्वांतून ठिणग्यांच्या लहरी उठतात, आणि मध्यमलहरींवर कडकड व गुणगुण होऊन प्रकटतात. परंतु अनुभव असा कीं, मोठा चोर बहुधा घरांतच असतो. हलक्या प्रतीचा एल्. ई. डी. दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर हे घरभेदी होत. परीक्षा सोपी आहे. रेडिओ सेलांवर लावावा आणि घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबली तर चोर घरांत आहे; मग एकेक वस्तु चालू करीत त्यास पकडावें. न थांबली तर रेडिओ हातांत घेऊन अंगणांत फिरावें; खरखर जिकडे वाढेल तिकडे तिचें उगमस्थान. तें टाळतां येत नसेल, तर फेराइटच्या दांड्याचें टोंक त्याच्याकडे करावें. केंद्राचा आवाज किंचित् उतरेल, पण खरखर त्याहून पुष्कळ उतरेल. बाहेरची तार असेल तर ती विजेच्या तारांना समांतर न ठेवतां काटकोनांत ठेवावी. एफ्. एम्. ला या उपद्रवाची बाधा कमी होते, कारण त्यांत शब्द लहरीच्या उंचींत नसून तिच्या कंपनसंख्येच्या चढउतारांत असतो, आणि ठिणगी मुख्यतः उंची बिघडविते.

रात्रीं मध्यमलहरींवर अनेक केंद्रें एकमेकांत कां मिसळतात, हेंही येथेंच सांगतों. दिवसा सूर्यामुळें वातावरणांत उंचावर जो एक शोषक थर तयार होतो, तो सूर्यास्तानंतर विरतो. मग त्यावरच्या थरांवरून दूरच्या लहरी परतून खालीं येतात. या थरांचा अभ्यास आपल्याच देशांत कलकत्त्यास प्रा. शिशिरकुमार मित्र यांनीं केला, आणि १९४७ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा वरच्या वातावरणावरील ग्रंथ जगभर मान्य झाला. रात्रीं चौकटीचें एरियल थोडें फिरवून नको तें केंद्र दाबतां येतें. दिवसाच्या जागेवरच तें ठेविलें पाहिजे असें नाहीं.

आपल्या किनाऱ्याचा खास शत्रु म्हणजे खारा वारा. चिंचणीकडील एका वृद्ध गृहस्थांचा रेडिओ तीन वेळां दुरुस्तीस जाऊन आला होता. दुकानांत तो उत्तम वाजे, आणि घरीं आला कीं मुका! मी गच्चीवर जाऊन पाहिलें. तार अखंड दिसत होती. पण सांध्यावरची चिकटपट्टी सोडली तों आंत हिरवी पूड. तांब्यावर मिठानें गंज चढला होता, आणि दिसावयास जुळलेला सांधा विजेच्या दृष्टीनें तुटलेला होता. कानशीनें घांसून सांधा पुन्हां जोडला तेव्हां त्या संध्याकाळच्या बातम्यांतला शब्दन्‌शब्द त्यांना ऐकूं आला. पत्नी गेल्यापासून घरांत बोलणारें दुसरें कोणी नव्हतें, असें ते म्हणाले. म्हणून सांगतों: सांधे शक्यतों टाळावेत, टाळतां न आले तर डाख देऊन, वर ग्रीस किंवा व्हॅसलीन लावून, चिकटपट्टीनें घट्ट बांधावेत. तांबें आणि ॲल्युमिनियम एकमेकांस थेट लावूं नयेत. खाऱ्या ओलींत ते एकमेकांस खातात. मध्यें जस्ताची किंवा पोलादाची चकती घालावी.

शेवटीं जिवाची काळजी. बाहेरचें एरियल विजेच्या तारांवरून, तारांखालून किंवा त्यांच्याजवळून कधींही नेऊं नये. नळी उभी करतांना ती कलंडली तर तारेपर्यंत पोंचेल काय, हें आधीं मोजावें. पोंचत असेल तर ती जागा सोडावी. विजेच्या खांबाला कांहींही बांधूं नये. ओल्या कौलांवर चढूं नये. मृगाच्या पहिल्या सरी आणि आश्विनांतला परतीचा पाऊस, या दोन्ही वेळीं आपल्याकडे विजा फार होतात. आकाशांत ढग दाटूं लागतांच, गडगडाट सुरू होण्यापूर्वींच, बाहेरची तार संचापासून काढून घराबाहेर भूतारेला जोडून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तारेस हात लावूं नये. तेव्हां संच गेला तरी चालेल. त्या वेळीं सेलांवरचा लहान ट्रान्झिस्टर, आंतल्या एरियलवर, ऐकण्यास मोकळा आहेच.

पावसाळ्यापूर्वीं आपण घर शाकारतों, पन्हळी साफ करतों, सरपण आंत घेतों. त्या कामांत हें एक काम घालावें. मे महिन्यांतल्या एखाद्या रविवारीं रेडिओ खालीं काढावा, नवे सेल घालावेत, कोणती लहर चालू आहे तें पाहावें, संच पूर्व-पश्चिम ठेवून ऐकावा, सांधे तपासावेत, आणि मुंबईचें केंद्र जेथें नीट लागतें तेथें कांट्याच्या पट्टीवर तांबड्या रंगाचा एक ठिपका द्यावा. म्हणजे अंधारांत, टॉर्चच्या उजेडांत, लहान मुलालाही तें सांपडेल. ज्यांच्या घरचीं माणसें होडीवर आहेत त्यांनीं तर होडीवरचा संचही असाच पाहून ठेवावा. आणि शेजारीं कोणी वृद्ध एकटें राहत असेल तर त्यांच्याकडेही एक फेरी मारावी. खर्च फार तर एका तारेचा आणि चार सेलांचा आहे. बाकी सारें लक्ष देण्याचें काम आहे. वादळाची सूचना केंद्रावरून वेळेवर निघेल. ती आपल्या उंबऱ्याच्या आंत येईल कीं नाहीं, हें मात्र बरेंचसें आपल्या हातांत आहे.